चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. ज्याने हा शब्द रूढ केला त्याला शर्यतीचा नाद असणार, असं मला नेहमी वाटतं.

धाव बसवणं हा बघण्यासारखा प्रकार होता. सुताराने आरे जुळवून चाक उभं केलं की लोहार त्याच्या घेरापेक्षा किंचित लहान कडं घडवायचा. ते गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचं, तापून फुगलं की सांडशीने उचलून चाकावर ठोकायचं आणि लगेच वरून घागरी ओतायच्या. धूर, वाफ, जळक्या लाकडाचा वास. लोखंड आकसायचं आणि सगळे सांधे आवळून धरायचं. खिळा नाही, डिंक नाही. आमच्या संग्रामपूरच्या काळ्या मातीत पावसाळाभर रुतणारं आणि उन्हाळ्यात भेगांवरून आपटणारं चाक या आवळण्याच्या जोरावर टिकत असे.

पुढे टायरची बंडी आली आणि धाव भंगारात गेली. रबरी टायरची कथा मात्र आपल्या गावापासून फार लांब सुरू होते. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बांधली. गुरांच्या डॉक्टरच्या हातून निघालेली ही वस्तू शेवटी बैलांच्या गाडीखाली आली. 1895 मध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत असल्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत टायर फुटत राहिले, पण मोटारशर्यतीने धाव कायमची टाकून रबर धरलं.

आता चाक जरा बाजूला ठेवू आणि त्याच्यावर काय असतं ते पाहू. शर्यतीची गाडी वजाबाकीतून जन्माला येते. शेतातल्या बंडीचा साटा काढा, बाजू काढा, ओझं काढा. उरतं ते जू, दांडी, कणा, दोन चाकं आणि पाय टेकण्यापुरती जागा. शंकरपटाची, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीची, गाडी ती हीच. तिच्यावरचा धुरकरी बसलेला म्हणावा की उभा, हेही धड सांगता येत नाही. मोटारीचंही तसंच झालं. मडगार्ड काढले, दिवे काढले, छप्पर काढलं, आणि चाकं चारी बाजूंनी उघडी पडली. मार्च लागला की फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर इंडीकार या मोटारशर्यतींचा नवा हंगाम सुरू होतो. तिथल्या गाड्या याच उघड्या चाकांच्या वंशातल्या. त्या सुमाराला आपल्याकडे कापूस वेचून झालेला असतो आणि वऱ्हाडात पटांचे दिवस असतात.

त्या वंशाचं मूळपीठ म्हणजे इंडियानापोलिस. 1909 साली तिथल्या चार किलोमीटरच्या मैदानावर खडी आणि डांबर टाकलं होतं. ते उखडलं, माणसं मेली, म्हणून त्याच वर्षी 32 लाख विटा अंथरल्या. आज त्यातली फक्त तीन फुटांची पट्टी शर्यतीच्या रेषेवर उघडी ठेवली आहे. 30 मे 1911 रोजी पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. चाळीस गाड्या होत्या. प्रत्येकीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसलेला, मागून कोण येतंय ते सांगायला. एकटा रे हॅरून त्यालाही वजा करून आला. इतरांनी तक्रार केली, तेव्हा त्याने पुढे एक आरसा बसवला. ही कल्पना कुठून सुचली? शिकागोत एका घोडागाडीवर तसा आरसा पाहिला होता, असं तो सांगे. विटांवर गाडी इतकी थरथरत होती की आरशात काही दिसलंच नाही, अशी कबुलीही त्याने नंतर दिली. तरी ताशी सुमारे 120 किलोमीटरच्या सरासरीने तो जिंकला. आयोजकांनी पुढच्याच वर्षी मेकॅनिक सक्तीचा केला. नियम करणाऱ्यांची जात सगळीकडे एकच.

उघड्या चाकाची भीती मात्र खरी आहे. दोन गाड्या मागेपुढे पळताना पुढच्या गाडीच्या चाकाची मागची बाजू वर चढत असते आणि मागच्या गाडीच्या चाकाची पुढची बाजू खाली उतरत असते. दोन्ही टायर एकमेकांना भिडले की मागची गाडी हवेत फेकली जाते. 16 ऑक्टोबर 2011 रोजी लास व्हेगासला पंधरा गाड्या एकमेकींत घुसल्या आणि इंडियानापोलिस दोनदा जिंकलेला डॅन वेल्डन गेला. पुढच्या हंगामाच्या नव्या गाडीच्या चाचण्या तोच घेत होता. तिला त्याच्या आद्याक्षरांवरून डीडब्ल्यू12 हे नाव मिळालं, आणि तिच्या मागच्या चाकांमागे आडोसाही आला. 2018 मध्ये तो आडोसा काढून टाकला. गाडी देखणी झाली, सगळे खूश. मला हे पटलेलं नाही, पण माझं मत इंडियानापोलिसला कोण विचारतो?

आपल्याकडे वजाबाकी न्यायालयाने केली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतीच थांबवल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा मान्य केला. त्यात गेली ती तुतारी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे तुतारी वाजवत नाहीत, ती बैलाला टोचतात. काठी, चाबूक, तुतारी सगळं हद्दपार झालं. धुरकऱ्याकडे उरली ती कासऱ्याची ओढ आणि आरोळी.

चाकात चाक अडकू नये याची एक युक्ती मात्र वऱ्हाडाकडे होतीच. भंडारा–गोंदियाकडे दोन जोड्या शेजारी सोडतात. इकडे सेकंदाचा पट असला की जोडी एकटी सुटते, समोर फक्त घड्याळ. इंडियानापोलिसची पात्रता फेरीही अशीच: रिकाम्या मैदानावर एकच गाडी, चार फेऱ्या, त्यांची सरासरी. 1996 साली एरी लायंडाइकने तिथे ताशी 381 किलोमीटरची सरासरी काढली. शंकरपटासाठी नावाजलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला पटकऱ्यांची नजर अशीच सेकंदाच्या पुढच्या दोन आकड्यांवर असते. तिथे बायकाही कासरा धरतात. इंडियानापोलिसला पहिली बाई, जॅनेट गथ्री, शर्यतीत उतरली ती 1977 मध्ये.

पटाच्या बैलांना आता चालत नेत नाहीत. सकाळी पिकअपमध्ये चढवतात, खाली कडब्याचा थर, शिंगांना रंग, मागे दोरीने बांधलेली ती हलकी गाडी. वाऱ्याची सवय असल्यासारखे बैल तोंड पुढे करून उभे असतात. पिकअपच्या चारही चाकांवर मडगार्ड असतात.