नोझलचा आकडा आणि हाताची रेघ

पोस्ट लांब आहे. पण जो एअरब्रश घ्यायला निघालाय त्याने, आणि त्यासाठी पोराला पैसे देणाऱ्या आईबापांनी, शेवटपर्यंत वाचा.

०.२ मिलिमीटरचं नोझल घेतलं की ०.२ मिलिमीटरची रेघ निघते, केसाएवढं बारीक काम पहिल्या दिवसापासून जमतं, असा दावा हल्ली मोबाइलवर रोज दिसतो. व्हिडिओत एक हात येतो, हेल्मेटवर वाघाच्या मिशा काढतो आणि खाली किंमत दिसते. त्या हातामागची वर्षं कुठंच दिसत नाहीत.

मी शेंद्र्यात राहतो, रंगकामाच्या धंद्यात आहे. २००१ मध्ये इथं स्कोडाचा कारखाना सुरू झाला, मग ऑरिक आलं. जालना रोडच्या या पट्ट्यातली कितीतरी पोरं कंत्राटावर कामाला लागली. कंत्राट संपलं की प्रश्न येतो, आता काय? हेल्मेट, बुलेटच्या टाक्या, गाडीवरचं नाव, देवाचं चित्र, यात पैसा आहे हे खरं. म्हणून पोरं उसनवारी करून किट मागवतात. आमच्या गल्लीतल्या एकाने असंच मागवलं. पाच नोझल, बॅटरीचा छोटा कंप्रेसर, वर 'प्रोफेशनल' असं लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी रंग नोझलमध्ये वाळून बसला. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: तुमची वापरायची पद्धत चुकली. म्हणजे विकताना शिकायची गरज नव्हती आणि तक्रार केल्यावर मात्र शिक्षण कमी पडलं!

आधी साधं यंत्र समजून घेऊ. नोझलच्या भोकात एक निमुळती सुई बसलेली असते. बटण खाली दाबलं की हवा सुटते, मागं ओढलं की सुई सरकते आणि भोवतीच्या फटीतून रंग निघतो. म्हणजे ०.२ हा भोकाचा आकार झाला, रेघेचा नाही. बाहेर पडलेला फवारा पिसाऱ्यासारखा पसरत जातो. तीच सुई, तेच नोझल, पण कागदापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरलं तर रेघ बारीक आणि पाच सेंटिमीटरवर धरलं तर जाड आणि धुरकट. उलट ०.३ च्या नोझलने मुरलेला हात जी बारीक रेघ काढतो, ती नवख्याला ०.२ ने निघत नाही.

आता गणित बघा. ०.४ चं नोझल सोडून ०.२ घेतलं तर व्यास निम्मा झाला, पण भोकाचं क्षेत्रफळ चौथाई उरलं. त्या चौथाई जागेतून रंग जायचा तर तो पातळ हवा, गाळलेला हवा, आणि त्यातली रंगाची पूड फार बारीक दळलेली हवी. मेटॅलिक रंगाचे कण तिथं अडकतात. वर आपला मराठवाडा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात सुईच्या टोकावर रंग बघता बघता वाळतो, आणि पावसाळ्यात कंप्रेसरमधलं पाणी थेंब होऊन चित्रावर पडतं. मॉइश्चर ट्रॅप नसेल तर नोझल कितीही बारीक असो, फुकट आहे.

आता इतिहासाकडे. कारण हा दावा आजचा नाही, आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे.

१८७९ च्या सुमारास अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर नावाच्या माणसाने रंग उडवायचं एक यंत्र बनवलं. साहित्य काय? जुना चमचा, शिलाई मशीनची सुई, वाकवलेला स्क्रूड्रायव्हर, लाकडाचे तुकडे. त्याचे हक्क लिबर्टी वॉकअपने विकत घेतले, यंत्र सुधारलं आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्डला कारखाना काढला. गिऱ्हाईक होते फोटोवाले. मोठे केलेले फोटो फिकट यायचे, त्यांच्यावर छटा भरायच्या असत. पण यातली खरी गोष्ट पुढं आहे. वॉकअप मंडळींनी नुसतं यंत्र विकलं नाही, ते चालवायला शिकवणारी शाळाही काढली. जगातल्या पहिल्या एअरब्रश विकणाऱ्यांना ठाऊक होतं की हात तयार झाला नाही तर यंत्र कपाटात पडून राहील. १८९३ साली चार्ल्स बर्डिकने आतल्या आत हवा आणि रंग मिसळणारा सुधारित एअरब्रश आणला. आजचे बहुतेक चांगले एअरब्रश त्याच वाटेवरचे आहेत. एकशे तीस वर्षांत धातूकाम सुधारलं, पण बोटाने सुई ओढायचं काम तसंच राहिलं.

गाड्या रंगवायच्या स्प्रे गनचा वंश वेगळा. टोलेडो शहरातले डॉक्टर ॲलन डेविल्बिस घशात औषध फवारायचं यंत्र बनवत. त्यांच्या मुलाने, थॉमसने, १९०७ च्या सुमारास त्यातून रंगाची गन काढली. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने लवकर वाळणारा ड्युको लॅकर वापरात आणला आणि आठवड्यांचं रंगकाम तासांवर आलं. मोठा पत्रा एकसारखा झाकणं हे या गनचं काम. म्हणूनच गाडीच्या वरच्या कोटाला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल लागतं. तिथं बारीक म्हणजे चांगलं असं कुणी म्हणत नाही. जगातल्या मोठ्या कार कारखान्यांत तर आता बऱ्याच ठिकाणी नोझलच नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारी कपासारखी चकती रंगाचं धुकं करते. पण ते यंत्र बोलल्याप्रमाणे चालतं, कारण त्याच्याभोवती गाळलेली हवा, ठरावीक तापमान, ठरावीक ओलावा अशी अख्खी इमारत उभी केलेली असते. किट विकणारा ती इमारत देत नाही, फक्त तसा निकाल देईन म्हणतो.

आता आपल्या माणसांकडे या. गोव्याच्या अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६) यांची कॅलेंडरं तुमच्या आजीच्या देवघरात असतील. अंगावरची ती मऊ झळाळी, मागचं विरघळत जाणारं आभाळ, यात फवाऱ्याचं काम आहे. पण मुळगावकर आधी चित्रकार होते, फवारा त्यांच्या हाती नंतर आला. चेहऱ्याचा भाव कुठल्या नोझलमधून निघत नाही.

याहून चांगला पुरावा दरवर्षी आपल्या घरी येतो. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. अंगाचा रंग, छटा, पितांबर, हे स्प्रेने भराभर होतं. शेकडो मूर्ती रांगेत उभ्या असतात. पण डोळ्यांची आखणी आली की स्प्रे बाजूला आणि हातात बारीक कुंचला. आखणी करणाऱ्याला मान असतो, कारण पापणीची रेघ चुकली तर मूर्ती बघवत नाही. ज्या धंद्यात एका हंगामात एवढ्या मूर्ती होतात, तिथं ०.२ च्या नोझलने डोळे उमटले असते तर कारखानदारांनी ते कधीच घेतलं नसतं का?

आणि आमच्या गावाचं महसुली नाव बघा: शेंद्रा कमंगर. फारसीत कमानगर म्हणजे धनुष्य बनवणारा. कच्छमध्ये याच नावाच्या समाजाने धनुष्यं बनवली, रंगवली, आणि पुढं भिंतींवर चित्रं काढली. धनुष्याचा काळ गेला, पण रंगवणारा हात उपाशी राहिला नाही. अवजार बदललं, हाताला काम राहिलं. जाहिरात याच्या नेमकी उलट सांगते: अवजार घे, हात आपोआप येईल.

मग करायचं काय? एअरब्रश घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्याच. शिकणाऱ्याने ०.३ पासून सुरू करावं, बरा कंप्रेसर आणि मॉइश्चर ट्रॅप यांवर पैसे घालावेत, आणि पहिले दोन महिने जुन्या पत्र्यावर ठिपके, रेघा, छटा एवढंच करावं. टू-के रंग मारताना योग्य मास्क लावल्याशिवाय बटणाला हात लावू नये. ०.२ नंतर आपसूक घ्यावंसं वाटेल, तेव्हा घ्या. विक्रेत्याला एकच विचारा: कुठल्या रंगाने, किती प्रेशरवर, किती अंतरावरून ही रेघ काढली? उत्तर नसेल तर दुकान बदला.

फसवणूक झाली असेल तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'तू तर धंद्यासाठी घेतलं, तू ग्राहक नाहीस' असं कुणी ऐकवलं तर सांगा, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. हेल्पलाइन १९१५ आहे. ऑर्डर करतानाच जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ती गायब होते.

आणि कौशल्य प्रशिक्षणासाठी सरकारी पैशाने यंत्रं घेणाऱ्यांनाही हेच. यादीत नोझलचा आकडा लिहिणं सोपं असतं. त्याच यादीत शिकवणारा कारागीर, त्याचं मानधन, सरावाचे तास आणि सुटे भाग लिहा. रॉकफर्डच्या दुकानदाराला जे एकोणिसाव्या शतकात कळलं होतं, ते आपल्याला आता कळायला हरकत नाही.

कुणी पोरगा किट मागवायच्या तयारीत असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा. पैसे जायच्या आधी दाखवा.