ख्रिस्ती उपवासकाळाची घडण

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ एकदम ठरला नाही; त्याला आकार यायला तीनशे वर्षे लागली. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केल्याचे शुभवर्तमानांत आहे, पण आरंभीच्या मंडळ्यांनी तो आकडा नियम म्हणून घेतला नव्हता. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ग्रंथात बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार सांगितले आहेत आणि लगेच प्रभूची प्रार्थना रोज तीनदा म्हणण्याची आज्ञा आहे. इ.स. 190च्या सुमारास ल्योंचे बिशप इरेनियस यांनी रोमच्या बिशपला कळवले, की ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस उपवास करतो, कोणी दोन, कोणी त्याहून अधिक. तरीही सारे सलोख्याने राहतात.

त्या काळात दिवसांपेक्षा हेतूला महत्त्व होते. येशूने डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपवास यांचा विचार एकापाठोपाठ केला आणि तिन्हींतले प्रदर्शन निषिद्ध ठरवले. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने हे नाते व्यवहारात आणले: उपवासाच्या दिवशी फक्त भाकर-पाणी घ्यावे, वाचलेल्या जेवणाचा खर्च मोजावा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. ख्रिस्ती उपवासाचे इतके नेमके स्पष्टीकरण पुढच्या विद्वज्जड ग्रंथांतही क्वचितच सापडते. भुकेने माणसाला आपले परावलंबन जाणवते, ती जाणीव प्रार्थनेत देवापुढे मांडली जाते आणि वाचलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात जाते.

इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी उपवासाला मनाच्या शिस्तीचे रूप दिले. संत अँथनी सूर्यास्तानंतर एकदाच भाकर, मीठ आणि पाणी घेत. त्यांच्या परंपरेत शिकलेल्या जॉन कॅसियन यांनी मात्र बजावले, की अतिउपवास खादाडपणाइतकाच घातक ठरतो. देह खचला की प्रार्थनाही खचते.

दरम्यान चाळीसचा आकडाही रुळू लागला. 325च्या नायसिया येथील चर्च-परिषदेच्या एका नियमात चाळीस दिवसांचा ओझरता उल्लेख येतो. 340च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी रोमहून इजिप्तला लिहिले, की सारे जग उपवास करीत असताना आपलेच लोक तो न करून हसण्याचा विषय होऊ नयेत. पश्चिमेत रविवारी उपवास नसे, त्यामुळे सहा आठवड्यांत छत्तीसच दिवस भरत. चाळीस भरावेत म्हणून पुढे आरंभ अलीकडे ओढून त्याआधीच्या बुधवारी, म्हणजे राखेच्या बुधवारी, नेण्यात आला.

नियम वाढत गेले तसा मूळ हेतू झाकोळला. 1522च्या उपवासकाळात झुरिकमध्ये मुद्रक फ्रोशाउअर यांच्या घरी मांसबंदी असताना सॉसेज खाल्ले गेले आणि धर्मसुधारक उल्रिख झ्विंग्ली यांनी खाणाऱ्यांची बाजू घेतली: देवाने न घातलेले बंधन चर्चने घालू नये. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मांस, दूध व अंडी वर्ज्य करण्याची जुनी रीत टिकवली. 1966मध्ये पोप पॉल सहावे यांनी कॅथलिकांसाठी सक्तीच्या उपवासाचे दिवस राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार एवढेच ठेवले. सक्तीच्या मांसवर्जनाऐवजी काही ठिकाणी परोपकार व प्रार्थना यांना मान्यता देण्याची मुभा त्यांनी स्थानिक बिशपांना दिली.