फियाट टिकली कुणामुळे?

मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईतल्या टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य, असा नियम आहे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यावरून कायमची उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी पुष्कळ हळहळ छापली. जुने सिनेमे आठवले, पावसातली मुंबई आठवली. पण मुंबईपासून दूर, आमच्या कळवणसारख्या तालुक्याच्या गावी ज्यांच्या ओट्याशी एखादी खासगी फियाट अजून उभी आहे, त्यांच्या पोटात वेगळाच गोळा आला. आता सुटे भाग कुठून आणायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण हौसेनं ठेवलेली गाडी आपल्याकडे इतकी वर्षं कशी टिकली, हे समजून घ्यायचं तर त्याच प्रश्नाला धरून मागे जावं लागतं.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून. १८८२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास. आम्हा नाशिककरांना ते जवळचे वाटतात ते मात्र मालेगाव तालुक्यातल्या रावळगावमुळे. तिथला साखर कारखाना त्यांचा आणि रावळगावची गोळीही त्यांचीच. आमच्या पिढीनं ती गोळी चघळत चघळत रस्त्यावरच्या फियाट मोजल्या. दोन्हींचा धनी एकच, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या जातकुळीतल्या. पुढे इटलीतल्या तुरीनच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३-५४ च्या सुमारास सरकारनं धोरण बदललं. नुसते भाग आणून जोडणी करायची असेल तर इथे जागा नाही, गाडी इथेच बनवायची असेल तर राहा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. कुर्ला राहिला, आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली.

हीच ती ‘डुक्कर फियाट’. पुढून बुटकी, पाठीत गोल, आणि पुढची दारं उलट्या बाजूनं उघडणारी. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण अख्ख्या महाराष्ट्रात ते रुळलं. आमच्या घरात मात्र त्या नावाची पंचाईत होती. दादीच्या समोर तो शब्द काढायची सोय नव्हती. गल्लीतल्या एका व्यापाऱ्याकडे ती गाडी होती. दादी तिला ‘वो उलटे दरवाज़ेवाली’ म्हणायची. आजही मला हेच नाव जास्त अचूक वाटतं.

१९६४ साली नवं रूप आलं, फियाट ११०० डिलाइट. तीच पुढे १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. इटलीत हे रूप १९६६ मध्येच बंद पडलं. कुर्ल्याला मात्र ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिलं. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, आतल्या गाद्या बदलल्या. १०८९ सीसीचं इंजिन, दारं, काचा, मागचे पाटे, चाकं, मूळ सांगाडा जवळपास तोच. अर्थशास्त्राची माणसं याला मागासलेपण म्हणतात. स्पर्धा नव्हती, परवाना होता, १९६९ पासून गाडीची किंमतही सरकार ठरवून देई, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाही. मग कंपनी कशाला बदल करील? हे सगळं खरं आहे. पण १९६८ च्या गाडीला १९९८ च्या गाडीचं दार बसतं, ही सोय त्याच मागासलेपणानं दिली. हे कुठल्या अहवालात मी वाचलेलं नाही, गॅरेजमध्ये बसून शिकलो.

‘स्पोर्टी’ हा शब्द आता सर्रास झालाय. आमच्या तरुणपणी तो नव्हता. ‘तेज गाडी’ म्हणत. आणि तेज म्हणजे फियाट. अँबॅसडर सरकारी साहेबाची, जीप पुढाऱ्याची आणि बागायतदाराची, फियाट डॉक्टरची, वकिलाची आणि स्वतः गाडी हाकण्याची हौस असलेल्या माणसाची. हलकी, वळणाला चपळ, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. इटलीत तिच्या थोरल्या बहिणीची एक तेज आवृत्ती १९५३ मध्ये निघाली होती, ‘टुरिस्मो वेलोचे’ नावाची, म्हणजे वेगवान प्रवासी. ती शर्यतींतून धावायची. इकडे मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी होती. तिथल्या शर्यतींत हौशी मंडळी आपापली फियाट खोलून, इंजिन चढवून उतरत. तीच गाडी सोमवारी कचेरीत. ताकद चाळिशीतल्या अश्वशक्तीची. आजची साधी छोटी गाडी तिला सहज मागे टाकील. पण तेज असणं हे शेजारी कोण उभं आहे त्यावर ठरतं, आणि तेव्हा शेजारी अँबॅसडर होती.

मी घेतली ती १९६८ ची डिलाइट, १९९४ साली, नाशिकच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून. बी.ए. झालेला, कविता करणारा, हातात बेताचा पैसा असलेला माणूस दुसरं काय घेणार? नवी मारुती आवाक्यात नव्हती. माझ्यासारखीच पुष्कळांची पहिली गाडी अशी दुसऱ्या-तिसऱ्या हातची फियाट. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना तिची परीक्षा असे. पहिल्या गिअरला दातांची जुळणी करून देणारी सोय नव्हती, चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे, नाहीतर गिअरबॉक्स अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडे. पाण्याचा डबा डिकीत कायम.

आता टिकण्याबद्दल. लोक विचारतात, इतकी वर्षं कशी सांभाळली? त्यांना वाटतं, फडकं मारून, झाकून ठेवून. गाडी झाकल्यानं टिकत नाही. उभ्या गाडीच्या ब्रेक सिलिंडरात गंज धरतो, टाकीच्या तळाला पेट्रोलचा राळेसारखा थर बसतो, रबरं कडक होतात, उंदीर वायरी खातात. माझे मालेगावचे उस्ताद म्हणायचे, ‘रखना है तो चलाना पडेगा.’ हातमाग-यंत्रमागाच्या गावातला हा मिस्त्री. मागाचा तुटलेला भाग लेथवर घडवायची सवय ज्या गावाला आहे, तिथे फियाटचं बुशिंग म्हणजे खेळ. त्यांनी दोनदा इंजिन बांधलं. सिलिंडर बोअर करून जाड पिस्टन टाकले, पत्र्यात जिथे गंजून जाळी झाली तिथे कापून नवा तुकडा जोडला.

२००० साल आठवतं. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं. हवेच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं, लेकरांच्या रक्तात शिसं जात होतं. पण जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीला तेच शिसं गादीसारखं उपयोगी पडे. ती गादी गेली की बैठक झिजते, टॅपेटचं अंतर कमी होत जातं, व्हॉल्व्ह जळतो. उस्तादांनी हेड काढून कडक धातूच्या बैठका बसवल्या. ही विद्या त्यांना आली कुठून? मुंबईच्या टॅक्सीगॅरेजातून. तिथे हजारो पद्मिनी रोज कितीतरी तास धावत होत्या. जो दोष आमच्या गाडीत पाच वर्षांनी दिसायचा तो टॅक्सीत पाच महिन्यांत दिसे, आणि त्यावरचा उपाय कुर्ल्याहून मालेगावला, मालेगावहून कळवणला पोचे.

इथेच माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. हौसेची फियाट टिकली ती टॅक्सीवाल्याच्या जिवावर. कारखाना बंद झाल्यावरही क्लच प्लेट, पाण्याचा पंप, ब्रेकची रबरं बनवणारे छोटे कारखानदार टिकून होते ते टॅक्सीच्या गिऱ्हाइकीमुळे. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात टॅक्सी मोडीत निघाली की तिचं दार, काच, डिफरन्शियल आमच्यासारख्यांच्या हाती येई. वर्षाला एक जोडी ब्रेकची रबरं घेणाऱ्या कवीसाठी कोण साचा चालू ठेवील?

याच तुरीनच्या घराण्याची एक दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ साली सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. फेरारी तेव्हा फियाटच्याच ताब्यात होती. मायकेल शूमाकरच्या हस्ते सिल्व्हरस्टोनला किल्ली दिली गेली. आयात शुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी ती रक्कम कंपनीनं भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. पण मला लक्षात राहिली ती २०२० ची त्याची एक मुलाखत. आपली पहिली गाडी मारुती ८०० होती, ती आता आपल्याजवळ नाही, परत मिळाली तर हवी आहे, असं तो म्हणाला. ज्याला जगातली कुठलीही गाडी मिळू शकते त्यालाही पहिली मिळत नाही. आणि देशातली पहिली मारुती ८००? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंग यांनी किल्ली घेतली. २०१० मध्ये ते वारल्यावर ती गाडी घराबाहेर गंजत पडली होती. पुढे ती नीट करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली गेली. तिचं नशीब की तिच्यावर ‘पहिली’ असा शिक्का होता. दोन लाखाव्या गाडीला कोण विचारतं?

सरकारनं २०२१ मध्ये एक चांगलं पाऊल उचललं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. डिलाइट आता त्या वयात बसते. पण त्यात एक अट आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला, तांत्रिक संशोधनाला न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. म्हणजे कांद्याचा लिलाव बघायला बाजार समितीत नेली तर नियमभंग. संग्रहालयाच्या दृष्टीनं अट बरोबर असेल, उस्तादांच्या दृष्टीनं चूक आहे. दुसरी वाट साध्या नोंदणीची. दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, आणि नूतनीकरणाचं शुल्क. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० केलं. धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या कमी व्हाव्यात, हा हेतू मला मान्य आहे. पण वर्षाला हजारेक किलोमीटर चालणारी, नीट जुळवलेली फियाट आणि रोज शंभर किलोमीटर काळा धूर ओकणारा टेम्पो यांना एकाच वयाच्या फूटपट्टीनं मोजणं मला पटत नाही. मी साधी नोंदणी ठेवली आहे.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. उसापासूनचं इथेनॉल, ऊस उत्पादकाला चार पैसे जास्त, त्याबद्दल तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. पण इथेनॉल पाणी शोषतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करतं. नळ्या आता नव्या जातीच्या टाकता येतात. पडद्याचं अवघड आहे, तो फियाटच्याच मापाचा लागतो.

उस्ताद आता थकलेत, चष्म्यातूनही पॉइंटची फट दिसत नाही. गॅरेज मुलगा बघतो, त्याचं काम स्कॅनर लावून चालतं. २०२३ च्या दिवाळीनंतर उस्ताद त्याला घेऊन कुर्ल्याला गेले होते. मोडीत आलेल्या टॅक्सींची हेडं, डायनॅमो, दोन गिअरबॉक्स, पंपाचे पडदे जेवढे मिळाले तेवढे टेम्पोत भरून आणले. सगळं घासून, तेल लावून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. प्रत्येक पुडीवर उर्दूत भागाचं नाव. मुलाला उर्दू वाचता येत नाही, म्हणून मी एका रविवारी बसून त्याखाली मराठीत नावं लिहून दिली. एकशे बारा पुड्या झाल्या.