फिरंग

कल्याणपासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत अजून एखाद्या जुन्या घरात तलवार सापडते. वर्षभर कापडात गुंडाळून माळ्यावर. खंडेनवमीला खाली काढायची, हळद-कुंकू, झेंडूचं फूल वाहायचं, की परत वर. कोणाची म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं एकच सांगतात, "चिमाजी आप्पांच्या वख्ताची हाय."

आता ती घरं पडतायत आणि टॉवर उठतायत. माळा रिकामा होतो, तेव्हा तलवारही हंड्या-कळश्यांबरोबर भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. म्हणून म्हणतो, देण्याआधी निदान ती कुठली ते तरी बघा.

म्हाताऱ्यांचं बोलणं काही हवेतलं नाही. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७३० ला बांधायला घेतला; तोच आजचा ठाण्याचा तुरुंग. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. दोन वर्षं लढाई याच मुलखात चालली. पण म्हणून घरातली प्रत्येक तलवार तेव्हाचीच, असं होत नाही.

बघताना एक लक्षात ठेवा. तलवार दोन जिनसांची असते, मूठ आणि पातं. आपल्याकडे मुठीत लाख भरून त्यात पातं पक्कं करायचे. फाळ झिजला की आपण नवा घालतो, नांगर तोच राहतो. तसंच हे. त्यामुळे मूठ एका गावची आणि पातं भलत्याच देशाचं असू शकतं. युरोपातली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इकडे यायची. जर्मनीतलं झोलिंगेन गाव त्यासाठी नावाजलेलं. त्या पात्याला आपली मूठ बसवली की ती 'फिरंग'. नाव परक्याचं, पण हत्यार मराठ्याचं.

याचा मोठा दाखला अलीकडचाच. नागपूरकर भोसल्यांचं घराणं उभं करणारे पहिले रघुजी भोसले. त्यांना सेनासाहेब सुभा हा किताब होता. त्यांच्या नावाची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती मिळवली, सुमारे ४७ लाख रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आणली. पातं युरोपी, एका बाजूला धार असलेलं. मग ती रघुजींची हे कशावरून? पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आणि किताब आहे, म्हणून. ती अक्षरं कोणी घासून काढली असती तर ती नुसतीच एक जुनी फिरंग उरली असती.

कधी पात्यावर मुकुट आणि त्याखाली इंग्रजी 'व्ही' आणि 'आर' ही अक्षरं दिसतात. ती व्हिक्टोरिया राणीची खूण, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली तलवार. चिमाजी आप्पा १७४० लाच गेले. लंडनच्या विल्किन्सन कंपनीच्या पुष्कळ तलवारींना पात्याच्या पाठीवर नंबर असतो. त्या नंबरांच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. त्यावरून साल आणि कधी कधी घेणाऱ्याचं नावही लागतं.

अशी खूण निघाली की घरच्यांचं तोंड उतरतं. उतरायचं कारण नाही. गोऱ्या साहेबाची तलवार कुळवाड्याच्या माळ्यावर आली कशी? कोणी पलटणीत होता, की कोणाला ती बक्षीस मिळाली? हा प्रश्न आपल्या घराचा इतिहास आहे, आणि त्याचं उत्तर माहीत असलेली माणसं दरवर्षी कमी होतायत.

तेव्हा तलवार वाळूने, चिंचेने घासू नका, पॉलिशवाल्याकडे तर नकोच. मऊ फडक्याने हलकं तेल लावा. मूठ, पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ आणि म्यान यांचे फोटो बाजूला पट्टी ठेवून काढा. घरातली म्हातारी माणसं काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. मग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, कोणालाही ती परदेशी नेऊन विकता येत नाही.

जमीन गेली तर सातबाऱ्यावर फेरफार तरी राहतो. तलवार गेली तर तिची कुठेच नोंद नसते.