सशांचे निवास

सशांचे निवास : ऊन, थंडी, पाऊस व शत्रू यांपासून सशांचे रक्षण करण्यासाठी केलेली व्यवस्था. पाळीव सशाच्या सर्व जाती यूरोपीय रानसशापासून निर्माण झाल्या आहेत. हा रानससा मूळचा आयबेरियन द्वीपकल्प व नैर्ऋत्य फ्रान्स येथील असून तो जमिनीत बिळे करून राहतो. बिळातील तापमान ऋतुमानाप्रमाणे फारसे बदलत नाही. सशाला घाम जवळजवळ येत नाही. जादा उष्णता तो मुख्यत्वे कानांतील रक्तवाहिन्या व श्वासोच्छ्‌वास यांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे कोरड्या थंडीपेक्षा उष्मा त्याला अधिक घातक ठरतो. माणसाने बिळाबाहेर आणलेल्या या प्राण्याला बिळातील संरक्षण पुन्हा मिळवून देण्याचा प्रयत्न, हेच सशांच्या निवासाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

रोमन लेखक व्हॅरो (इ. स. पू. ११६–२७) याने भिंतींनी वेढलेल्या ससेवाड्यांचे वर्णन केले आहे. हिंस्र प्राण्यांना चढता येऊ नये म्हणून भिंतींना गिलावा देत आणि लपण्यासाठी आत झुडपे व गवत राखीत.

इंग्लंडमध्ये नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकात ससे आणले. तेथील ओलसर थंडी त्यांना मानवत नसे. ब्रेकलंडसारख्या वालुकामय भागात बिळे कोरडी राहत; परंतु डार्टमूरच्या पातळ व दलदलीच्या जमिनीत पाणी शिरून पिले दगावण्याचा धोका असे. म्हणून तेथे मातीचे लांबट, सपाट माथ्याचे उंचवटे रचून सभोवार चर खणीत. डिट्सवर्दी येथे असे अनेक उंचवटे अद्याप दिसतात. हिवाळ्यात राखणदार सशांना वाळलेले गवत पुरवीत.

पुढे लाकडी खुराड्यांचा प्रसार झाला. एकोणिसाव्या शतकात कामगारांच्या परसांतही ससे पाळले जाऊ लागले. निगा व निवडपैदास सोपी झाली. पण उन्हातील खुराडे लवकर तापते आणि सशाला खोल, गार जागी जाण्याचा मार्ग उरत नाही.

सशाला सु. १५° ते २०° से. तापमान मानवते. ३०° से.च्या वर तो धापा टाकतो, आहार घटतो व नराची प्रजननक्षमता तात्पुरती कमी होते. उष्माघाताने मृत्यूही येतो. म्हणून खुराडे जमिनीपासून उंच, सावलीत व हवेशीर ठेवतात. पत्र्यावर गवताचे छप्पर घालतात, बाजूंना ओले गोणपाट लावतात व थंड पाणी सतत पुरवितात. हिवाळ्यात कोरडा पेंढा भरपूर घालतात आणि वाऱ्याची बाजू झाकतात. मात्र खुराडे पूर्ण बंद केल्यास मूत्रातून निघणारा अमोनिया साठून श्वसनाचे विकार बळावतात. ओल व वाऱ्याचा झोत टाळणे हे निवासातील ऊब वाढविण्यापेक्षा महत्त्वाचे असते.

ट्युनिशियासारख्या उष्ण देशात जमिनीखालील कोठड्यांत ससे ठेवण्याची पद्धत आढळते. भारतात लोकरीसाठी अंगोरा ससे मुख्यत्वे हिमाचल प्रदेशासारख्या थंड प्रदेशात पाळतात; मैदानी भागात उन्हाळ्यातील सावली व वायुवीजन यांवरच ससेपालनाचे यश अवलंबून असते.