यंत्रशाळेतील खटका : यंत्र चालू-बंद करण्याच्या साधनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

औद्योगिकीकरणाच्या इतिहासात बाष्पयंत्र, वीजनिर्मिती केंद्र अशा शक्तीच्या उगमस्थानांची चर्चा विपुल झालेली आहे. ती शक्ती ज्या ठिकाणी एखाद्या यंत्राला जोडली जाते आणि त्याच्यापासून तोडली जाते, त्या लहानशा जागेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठी कामगार तिला सुटसुटीतपणे ‘खटका’ म्हणतो. यंत्र सुरू करण्याची सोय आणि यंत्र थांबविण्याची सोय या वरकरणी एकच वाटणाऱ्या गोष्टी वस्तुतः भिन्न आहेत. पहिलीचा विकास उत्पादनाच्या गरजेतून झाला, तर दुसरीसाठी, निदान कामगाराच्या शरीराचा प्रश्न होता तेथे, कायद्याला हस्तक्षेप करावा लागला. प्रस्तुत लेखात हा भेद तपासून पाहिला आहे.

पट्ट्याचा काळ

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये मुंबईत ताडदेव येथे सुरू झाली. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांची रचना ब्रिटिश गिरण्यांप्रमाणेच होती. इंजिनघरात एक मोठे बाष्पयंत्र असे. त्याची गती दातेरी चक्रांच्या किंवा दोरांच्या साहाय्याने छताखालच्या लांब शाफ्टपर्यंत पोहोचे व तेथून चामडी पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. शाफ्ट सकाळच्या भोंग्यापासून सुट्टीपर्यंत फिरतच राही. एका साच्यासाठी इंजिन थांबविणे परवडणारे नव्हते. शिवाय वाफ तोडल्यानंतरही अवजड गतिचक्र काही काळ फिरतच राही.

यावरील तोडगा अत्यंत साधा होता. यंत्राच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी बसवीत. एक दांड्याला घट्ट जखडलेली, दुसरी मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर असताना ती नुसती फिरत राही व यंत्र स्तब्ध राही. एका काट्याने पट्टा घट्ट पुलीवर सरकविला की यंत्र चालू होई. लेथवर हा काटा हलविण्यासाठी वरून एक लाकडी दांडा कारागिराच्या हाताशी लोंबत असे. साच्यावर तेच काम बाजूची मूठ करी. विजेच्या बटणाच्या कितीतरी आधी प्रत्येक कामगाराला त्याच्या यंत्रापुरता स्वतंत्र खटका मिळाला तो असा.

परंतु या खटक्यात एक खोट होती. मोकळ्या पुलीला तेल कमी पडले की ती दांड्याला धरू लागे आणि बंद यंत्र आपोआप फिरू लागे. काटा सैल असल्यास पट्टाही हळूहळू घट्ट पुलीकडे सरके. यंत्र बंद आहे या विश्वासाने आत हात घातलेल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

याच काळातील एक शोध येथे विचारात घेण्याजोगा आहे. १८४० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे केनवर्दी आणि बुलो यांनी यंत्रमागात सुधारणा केल्या. त्यांत आडव्या धाग्याची चाहूल घेणारा काटा होता. धोट्यातील धागा तुटला किंवा संपला की हा काटा मूठ उडवून देई व साचा आपोआप थांबे. त्यामुळे कापड वाया जात नसे आणि एका विणकराला अधिक साचे सांभाळता येत. म्हणजे एक धागा तुटल्याबरोबर थांबणारे यंत्र १८४० च्या दशकात अस्तित्वात होते. हात सापडल्यावर थांबणारे नव्हते. त्याच दशकात, १८४४ मध्ये, ब्रिटिश संसदेला कायद्याने शाफ्टला कुंपण घालावयास लावावे लागले आणि फिरती गतियंत्रणा मुलांकडून साफ करून घेण्यास मनाई करावी लागली. तांत्रिक कल्पकतेची उणीव तेव्हाही नव्हती. ती कशासाठी खर्ची पडावी, याचा निर्णय अन्यत्र होत होता.

विजेचे आगमन

डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये त्रिकला प्रवाहावर चालणारी पिंजरा-मोटर तयार केली आणि स्वस्त, दणकट मोटर उपलब्ध झाली. तरीही कारखान्यांतील पट्टे लगेच उतरले नाहीत. प्रथम इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर आली आणि शाफ्ट पूर्वीसारखाच फिरत राहिला. अमेरिकेतील कारखान्यांच्या एकूण यांत्रिक शक्तीत विद्युत मोटरींचा वाटा १९०० च्या सुमारास ५ टक्क्यांच्या आसपास होता. तो निम्म्यावर जाण्यास आणखी वीस वर्षे लागली. मुंबईच्या गिरण्यांना टाटांच्या खोपोली केंद्रातून वीज मिळू लागली ती १९१५ मध्ये. (या विजेच्या पुढच्या टप्प्याची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनी मोजली, हे १९२१ च्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे.)

प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आल्यावरच खटक्याचे स्वरूप खऱ्या अर्थाने पालटले. भिंतीवरचा चाकूसारखा पात्याचा स्विच गैरसोयीचा आणि ठिणग्या उडविणारा होता. त्याची जागा घेणाऱ्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबले की एक विद्युतचुंबक संपर्क ओढून धरतो व बोट काढल्यावरही धरून ठेवतो. लाल बटण दाबले की तो सुटतो. या रचनेतील सर्वांत मोलाचा गुण मात्र बटणात नाही. वीज गेली की चुंबक आपोआप सुटतो आणि वीज परत आली तरी मोटर सुरू होत नाही. कोणीतरी पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. पट्ट्याच्या खटक्याची जुनी खोट, म्हणजे यंत्र स्वतःहून सुरू होणे, येथे प्रथमच मुळातून दूर झाली.

भारनियमनाच्या वर्षांत या गुणाची किंमत महाराष्ट्राला कळावयास हवी होती. घडले ते उलट. शेतीपंपांना वीज अवेळी, बहुधा रात्री मिळे. तेव्हा शेतकऱ्यांनी वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ‘ऑटो स्विच’ बसविले. रात्री-अपरात्री विहिरीवर जाण्याचा त्रास व साप-किरडूंचे भय पाहता त्यांना दोष देता येत नाही. सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाल्याने रोहित्रांवर ताण येतो, म्हणून वीज कंपनीने ते काढण्याची आवाहने केली. परंतु हीच सवय कार्यशाळेत शिरून स्टार्टरचे बटण काडी खुपसून दाबून ठेवले जाते, तेव्हा प्रश्न रोहित्राचा राहत नाही. वीज गेली म्हणून करवतीचे पाते साफ करावयास बसलेल्या माणसाचा तो प्रश्न असतो.

सोय आणि गैरसोय

चांगल्या खटक्याचे दोन्ही भाग म्हणूनच मुद्दाम विषम ठेवलेले असतात. हिरवे बटण खोबणीत, सहजासहजी धक्का न लागेल असे. तातडीचे लाल बटण छत्रीसारखे बाहेर आलेले, तळहाताने, कोपराने, कशानेही दाबता येणारे. ते दाबले की अडकून राहते आणि फिरवून सोडवल्यावरही यंत्र स्वतः सुरू होत नाही. अनेक लेथवर पायथ्याशी लांब पट्टी असते. हात गुंतलेले असता ती पायाने दाबून यंत्र थांबविता येते. पॉवर प्रेसवरील दोन बटणे तर गैरसोयीचाच अवलंब करतात. दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज ठोका पडत नाही, म्हणजे साच्याखाली बोट राहूच शकत नाही. नगावर मजुरी ठरली की यांपैकी एक बटण तारेने बांधून टाकण्याचा मोह होतो, कारण वाचलेला प्रत्येक क्षण पैशांत मोजला जातो. तो मोह केवळ कामगाराचाच असतो असेही नाही.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल नेमक्या शब्दांत घेतली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये पट्टा घट्ट पुलीवर परत सरकणार नाही अशी साधने ठेवण्याची आणि प्रत्येक कार्यकक्षात आणीबाणीत शक्ती तोडण्याची व्यवस्था करण्याची सक्ती होती. चुकून ‘बंद’वरून ‘चालू’कडे जाऊ शकणारा खटका सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करता यावा, ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की हे कलम लागू होत असे. याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ‘कारखाना’ ठरण्यासाठी ती मर्यादा २० करण्यात आली. १० ते १९ कामगारांची कार्यशाळा ‘आस्थापना’ म्हणून संहितेच्या कक्षेत राहते, परंतु कारखाना म्हणून नव्हे. बटणात काडी खुपसलेले स्टार्टर प्रायः याच आकाराच्या किंवा त्याहून लहान कार्यशाळांत आढळतात.