हिशेबाच्या पाठीवरील अॅरिस्टॉटल

पाश्चात्यांचे प्राचीन ग्रंथ होमरपासून क्रमानें वाचावे, असा उद्योग आम्हीं अलीकडे आरंभिला आहे. आम्हांस ग्रीक येत नाहीं. इंग्रजी भाषांतरांवरच सारी भिस्त. तथापि संस्कृत पोथ्यांच्या पाठभेदांत आयुष्य गेल्यामुळें कोणताहि ग्रंथ हातीं घेतला कीं प्रथम मनांत येतें तें हें, कीं हा कोणत्या पोथीवर उभा आहे? ग्रंथमालांच्या सुबक छपाईत हा प्रश्न बुडून जातो, आणि प्लेटोनें काल लिहिलें व आज छापलें असा भास होतो.

प्लेटो इ. स. पूर्वीं ३४७ च्या सुमारास वारला. सॉक्रेटिसाचा खटला व मृत्यु ज्या संवादांत आहेत, त्यांच्या प्रमुख पोथ्यांपैकीं ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयांतील पोथी इ. स. ८९५ ची आहे. मध्यें १२०० हून अधिक वर्षें गेलीं! तिची पुष्पिका मात्र संग्राहकांस आवडेल. जॉन नांवाच्या लेखकानें ती अरेथस ह्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यासाठीं लिहिली. लेखनास १३ व चर्मपत्रांस ८ सुवर्णनाणीं पडलीं, असें तींत नमूद आहे. आमचे लेखक पोथीच्या शेवटीं मोडलेल्या पाठीचें गाऱ्हाणें सांगतात. मजुरीचा आंकडा क्वचितच.

परंतु आमचें मन खरें गुंतलें तें अॅरिस्टॉटलच्या एका ग्रंथांत. त्यानें व त्याच्या शिष्यांनीं १५८ राज्यांच्या घटनांचीं वर्णनें सिद्ध केलीं, असें प्राचीन परंपरा सांगते. तीं सर्व नष्ट झालीं. उरलीं होतीं तीं इतरांनीं घेतलेलीं अवतरणें. पुढें ईजिप्तमधून ब्रिटिश म्यूझियमनें पपायरसच्या चार गुंडाळ्या मिळविल्या. त्यांच्या एका बाजूस इ. स. ७८–७९ मधील एका शेताचे हिशेब आहेत. हिशेबांचें काम संपल्यावर कोणी तरी कोऱ्या पाठीवर अथेन्सच्या राज्यघटनेचा ग्रंथ उतरून घेतला. चार निरनिराळे हात त्यांत दिसतात. आरंभ नाहीं, शेवटची गुंडाळी फाटलेली. ओळख पटली ती जुन्या अवतरणांशीं ताडून पाहिल्यावर. आणि १८९१ मध्यें केन्यन ह्यांनीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला.

संस्कृतज्ञांस येथें कौटिल्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. अर्थशास्त्रहि दीर्घकाळ केवळ अवतरणांतून व उल्लेखांतून ठाऊक होतें. १९०५ मध्यें म्हैसूर येथें ग्रंथलिपींतील ताडपत्रांवर तें शामशास्त्री ह्यांच्या हातीं आलें, १९०९ मध्यें छापलें गेलें, आणि लगेच कर्तृत्वाचा वाद सुरू झाला. अथेन्सच्या ग्रंथाचेंहि तसेंच झालें: तो गुरूचा कीं शिष्याचा, ह्यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. आमच्या मतें हा वाद गौण आहे. सोलोननें कर्जें रद्द करून ऋणापायीं माणसांस गुलाम करण्याची चाल बंद केली, त्याचें वर्णन त्यांत आहे. सोलोनच्या स्वतःच्या कवितांतील पूर्वीं अज्ञात असलेल्या ओळी त्यांत मिळाल्या. न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून कसे निवडीत व वक्त्यांचा वेळ जलघटिकेनें कसा मोजीत, हेंहि कळतें. कर्ता कोणीहि असो, ह्यांपैकीं बरीच सामग्री अन्यत्र नव्हती.

दप्तरांचे रुमाल सोडणाऱ्या आमच्या मित्रांस एक विचारावेंसें वाटतें. जमाखर्चाचे किती कागद आपण उलटून पाहिले? एका संग्रहांत काव्याच्या पोथ्या कपाटांत व हिशेबाचे कागद जिन्याखालीं पोत्यांत भरलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत.

त्या शेताचे हिशेब मात्र इंग्रज संपादकांनीं टाकून दिले नाहींत. तेहि पुढें छापले गेले. कोणत्या दिवशीं कोणत्या कामास किती मजूर लावले व त्यांस काय दिलें, ह्याच्या त्या नोंदी रोमन अमलाखालील ईजिप्तच्या शेतीचा अभ्यास करणारे आज वापरतात. आणि त्यांपैकीं कित्येकांस पाठीवरच्या अॅरिस्टॉटलशीं कांहीं कर्तव्य नसतें.